संक्रांतीची सावली सहा सेंटीमीटरने आखूड असते

“बाई, उत्तरायण नक्की कधी सुरू होतं? पेपरात लिहायचं ते सांगा.”

आठवीतल्या एका मुलीने गेल्या संक्रांतीनंतर मला हे विचारले. प्रश्नाचा पहिला भाग भूगोलाचा होता. दुसरा भाग ऐकून मी क्षणभर गप्प झाले. पेपरात लिहायचे एक आणि घरी मानायचे दुसरे, हे त्या पोरीने तेराव्या वर्षीच पक्के करून टाकले होते. भूगोलाच्या पुस्तकात २२ डिसेंबर हा अयनदिन. त्या दिवसापासून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. पुढे तीन आठवड्यांनी तिच्या घरातल्या प्रत्येक फोनवर शुभेच्छा येतात, ‘आजपासून उत्तरायण सुरू’. शाळेच्या दर्शनी फळ्यावरही रंगीत खडूने तेच लिहिलेले असते. मुलगी हुशार आहे. तिने दोन्ही पाठ केले आणि दोन्हींपैकी एकावरही विश्वास ठेवला नाही. मला काळजी वाटते ती याची.

सोलापुरात संक्रांत एका दिवसाची नसते. सिद्धेश्वरांची यात्रा, आमच्या तोंडी गड्डा, या एका दिवसाभोवती उभी आहे. तैलाभिषेकाला सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, शहरातल्या अडुसष्ट लिंगांच्या भेटीला निघतात, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात, संक्रांतीला होमप्रदीपन, किंक्रांतीला शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे नंदीध्वज पेलत चालू लागली की मराठी, कन्नड, तेलुगू अशी भाषांची गणती कुणी करत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर या सणाचे नावच ‘पेद्द पंडुग’, मोठा सण. शिवाय शंभरी ओलांडलेले दाते पंचांग याच शहरातून निघते. शहराचा सर्वांत मोठा उत्सव आकाशातल्या एका घटनेला बांधलेला आणि त्या घटनेचे गणितही इथेच छापले जाणारे. संक्रांत या शब्दाचा खरा अर्थ सोलापूरच्या मुलांना सर्वांच्या आधी कळायला हवा, असे मी म्हणते ते यामुळे.

शब्द सरळ आहे. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘क्रम्’ हा धातू. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. आक्रमण, अतिक्रमण, पराक्रम ही सगळी त्याच घरातली. करोनाच्या काळात रोज कानावर आदळणारे ‘संक्रमण’ही तेच; आजार एका माणसातून दुसऱ्यात ओलांडून जातो म्हणून. आकाशात ओलांडणारा आहे सूर्य. त्याच्या वर्षभराच्या वाटेचे ३० अंशांचे एक असे बारा भाग पाडले, त्यांना राशी म्हटले, आणि एका राशीची हद्द ओलांडून सूर्य पुढच्या राशीत शिरला की त्या क्षणाला संक्रांत म्हटले. दिवसाला नव्हे, क्षणाला. म्हणून पंचांगात संक्रांतीसमोर तास-मिनिटे असतात.

म्हणजे संक्रांती वर्षाला बारा. त्यातली एक आपण तिळगुळाने साजरी करतो आणि बाकीच्या अकरा विसरतो. पण त्या अकरा विसरल्या तर आपली सारी कालगणना कोसळेल, हे फार थोड्यांना माहीत असते. चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. सूर्याला एक राशी ओलांडायला सरासरी साडेतीस दिवसांहून थोडे कमी लागतात. दोघांची चाल जुळत नाही. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी असा एक चांद्र महिना येतो, ज्यात एकही संक्रांत पडत नाही. तोच अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे मिळतात, पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि हे सगळे एका न आलेल्या संक्रांतीमुळे. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला तेव्हा मी वर्गात हे सांगितले. मुले चकित झाली. त्यांना अधिक महिना म्हणजे पुण्य कमवायचा महिना एवढेच ठाऊक होते. तो हिशेब जुळवण्यासाठी घातलेला महिना आहे, हे कुणी सांगितलेच नव्हते.

‘मकर’ हे नावही दुरून चालत आलेले आहे. ग्रीकांकडे या राशीचे नाव ‘ऐगोकेरोस’, म्हणजे बोकडाच्या शिंगांचा. सहाव्या शतकातला वराहमिहिर राशींची जी परकी नावे नोंदवतो त्यात ‘आकोकेर’ आहे. कान देऊन ऐकले की ओळख पटते. पुढून बोकड आणि मागून मासा असलेला तो प्राणी आपल्याकडे जलचर मकर झाला. शब्द घेताना आपल्या पूर्वजांनी कमीपणा मानला नाही, आणि घेतलेल्या शब्दावर स्वतःचे गणित उभे केले.

आता उत्तरायण. हा शब्द संक्रांतीचा सख्खा नव्हे, शेजारी आहे, आणि घोटाळा इथेच होतो. अयन म्हणजे जाणे, चाल. उत्तर अधिक अयन. सूर्य क्षितिजावर रोज एकाच जागी उगवत नाही. जूनच्या अखेरीपासून त्याची उगवण्याची जागा दक्षिणेकडे सरकते, २१-२२ डिसेंबरला ती थबकते आणि मागे फिरते. ते फिरणे म्हणजे उत्तरायणाचा आरंभ. त्याला राशी लागत नाही, तारे लागत नाहीत. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि सूर्य, एवढ्यावर ते ठरते. मकरसंक्रांत मात्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजलेल्या राशीची हद्द आहे. एक मोजमाप ऋतूंचे, दुसरे ताऱ्यांचे. पंचांगाच्या भाषेत एक सायन, दुसरे निरयन.

एके काळी ही दोन्ही एकाच दिवशी पडत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, २८५ सालाच्या आसपास, सूर्य मकरेत शिरायचा त्याच दिवशी उत्तरेकडे वळायचा. तेव्हा ज्याने ‘मकरसंक्रांतीला उत्तरायण’ म्हटले, तो शंभर टक्के खरे बोलला. नंतर काय झाले ते भोवऱ्याने समजते. जाळी ओढून सोडलेला भोवरा जोरात फिरत असतानाच त्याची मान सावकाश गोल डोलते. पृथ्वीही तशीच डोलते. ती मध्यावर फुगीर आहे, आणि त्या फुगवट्यावर चंद्र-सूर्याची ओढ पडते. एक डोल पुरा व्हायला सुमारे २५,८०० वर्षे. हिशेब केला तर ७२ वर्षांना एक अंश, म्हणजे सूर्याच्या चालीने साधारण एक दिवस. ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंदांचे, ताऱ्यांचे वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंदांचे. फरक वीस मिनिटांचा. वर्षाला वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, पण सतराशे चाळीस वर्षे साठली की २४ दिवस होतात. २२ डिसेंबर आणि १४ जानेवारी यांच्यामधले अंतर ते हेच.

स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी. आज आपली संक्रांत १४ ला येते, कधी १५ ला. २०२४ मध्ये १५ ला होती. १४-१५ ची ही अदलाबदल लीप वर्षामुळे: संक्रमणाचा क्षण दरवर्षी सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जातो आणि लीप वर्षात एक दिवस मागे येतो. पण त्या झोक्याखाली मोठी सरक चालूच असते. आणखी एकवीसशे वर्षांनी संक्रांत फेब्रुवारीच्या मध्यावर असेल. हुरड्याचे दिवस तोवर सरत आलेले असतील, तीळ आणि बाजरीच्या भाकरीची ऊब नकोशी वाटू लागलेली असेल.

आमचे पूर्वज चुकले, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ते चुकले नव्हते. आपण बघणे थांबवले. वराहमिहिराने बृहत्संहितेत आदित्याच्या चालीविषयी लिहिताना आधीच्या शास्त्रांतले मत दिले आहे, की उत्तरायण सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना सुरू होते. मग तो म्हणतो, एके काळी तसे असेलही, सध्या मात्र ते मकरेच्या आरंभी होते. आणि लिहिलेले व दिसणारे जुळत नसेल तर प्रत्यक्ष पाहून ठरवा. कसे पाहायचे तेही तो सांगतो: उगवत्या-मावळत्या सूर्याची जागा दूरच्या खुणेवर धरा, किंवा मोठ्या वर्तुळात सावली कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते टिपा. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस ग्रंथाचा मान ठेवतो आणि तरीही सावलीचा शब्द शेवटचा मानतो. आपण त्याचे ‘सध्या’ उचलले आणि त्यावर दगड ठेवला. परंपरा पाळायची असेल तर ती ही पाळू या.

भीष्मांची गोष्ट तर घरोघरी सांगतात. शरपंजरी पडून ते उत्तरायणाची वाट पाहत राहिले. त्यांनी देह ठेवला ती भीष्माष्टमी आपण कधी पाळतो? माघ शुद्ध अष्टमीला. पौषातल्या संक्रांतीला नव्हे. वेदांग ज्योतिषातही उत्तरायण माघाच्या आरंभी धरलेले आहे. म्हणजे आपल्याच कथेच्या पोटात, उत्तरायण पंचांगात जागा बदलत आले, याची खूण सांभाळून ठेवलेली आहे.

आणि पाहणे अवघड नाही. सोलापूरचे अक्षांश साडेसतराहून थोडे अधिक. दोन वर्षांपूर्वी मी गच्चीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी केली. जुन्या ज्योतिषात हिला शंकू म्हणतात. २२ डिसेंबरला भर मध्यान्ही तिची सावली ८७ सेंटीमीटर पडली. वर्षातली सर्वांत लांब मध्यान्ह सावली तीच. दोन-चार दिवस मागेपुढे मोजले तर फरक एक-दोन मिलिमीटरचा. सूर्य तिथे जणू पाय रोवून उभा असतो. १४ जानेवारीला त्याच काठीची सावली भरली ८१. सहा सेंटीमीटर आखूड. उत्तरायण त्या दिवशी सुरू होत असते तर सावली त्या दिवशी सर्वांत लांब हवी होती. ती तीन आठवडे आधीच माघारी फिरली होती.

यावर माझ्या आईने घेतलेला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. ती म्हणाली, “अगं, पण सकाळी उजाडायला तर संक्रांतीपर्यंत उशीरच होत जातो. दिवस मोठा झाला कुठे?” पन्नास वर्षे पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईचे निरीक्षण आहे हे, आणि ते अगदी बरोबर आहे. आपल्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्याच्या पुढेमागेपर्यंत उशिराच होत जातो. पण संध्याकाळ मात्र डिसेंबरच्या आरंभापासूनच लांबू लागलेली असते. कारण मध्यान्ह स्वतःच घड्याळात पुढे सरकते: सोलापुरात २२ डिसेंबरला सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो १२ वाजून २५ मिनिटांनी, १४ जानेवारीला १२ वाजून ३५ मिनिटांनी. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत वेगात असते, शिवाय तिचा अक्ष कललेला. त्या दोहोंचा हा परिणाम. दिवस दोन्ही टोकांनी मोजला तर संक्रांतीपर्यंत तो सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो. आईला सकाळ दिसत होती, संध्याकाळी ती दिवा लावून स्वयंपाकात असायची. लोकांना ‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो’ असे का वाटते याचे उत्तर मला तिथे मिळाले. ही अंधश्रद्धा नव्हे. हे अर्धे पाहिलेले आकाश आहे, आणि उरलेले अर्धे दाखवणे हे शाळेचे काम आहे.

खरी अंधश्रद्धा दुसरीकडे आहे आणि तिच्याविषयी मला मऊ बोलता येत नाही. दरवर्षी जानेवारी लागला की निरोप फिरू लागतात: यंदा संक्रांत अमुक रंगावर आहे, त्या रंगाचे लुगडे नेसू नका, अमुक वाहनावर बसून आली आहे, अमुक वस्तू महागणार, एकुलता एक मुलगा असलेल्या आईने अमुक करा. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीला तिचा आवडता पिवळा स्वेटर भर थंडीत महिनाभर घालू दिला नाही. ती कुडकुडत बसायची. सूर्याने एक काल्पनिक रेषा ओलांडली, तिचा त्या स्वेटरशी काय संबंध? ज्या शब्दात ओलांडण्याचे, पुढे जाण्याचे बळ आहे, त्याचे आपण लेकराला भेडसावणारे भूत केले. मराठीत ‘संक्रांत आली’ याचा अर्थच संकट आले असा झाला आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण भाषणांत ऐकतो. पानिपतचे दुःख खरे आहे. पण ७२ वर्षांना एक दिवस हा हिशेब मागे नेला, तर त्या साली सूर्याचा मकरप्रवेश लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेला दिसतो. त्या दिवशी आपल्या माणसांचा घात उपासमारीने, तुटलेल्या रसदीने आणि रणांगणावरच्या घटनांनी केला. सूर्याने नव्हे.

मग करायचे काय? काही विद्वान म्हणतात, सण २२ डिसेंबरला न्या. मला हे पटत नाही. हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. एकोणिसाव्या शतकात शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या अभ्यासकाने सायन पंचांगाचा आग्रह धरला होता आणि पुण्या-मुंबईत त्यावर कडाक्याचे वाद झाले. पुढे १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. तिच्यात सौर पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर, म्हणजे उत्तरायणाच्या आरंभाला बांधलेला. लोकांनी ती दिनदर्शिका घरात घेतली नाही, कारण सण फक्त गणितावर चालत नाहीत. अक्षतेला जमलेला लाखोंचा समुदाय उद्यापासून डिसेंबरात जमा म्हटले तर जमणार नाही, जमू नये. आणि मुख्य म्हणजे त्याची गरजही नाही. मकरसंक्रांत खोटी नाही. १४ किंवा १५ जानेवारीला सूर्य निरयन मकरेत खरोखरच प्रवेश करतो. तिच्या गळ्यात उत्तरायणाची पाटी अडकवली, तेवढी काढायची आहे.

ते पंचांगकर्त्यांना सांगावे लागत नाही. अयनांशाचे, म्हणजे सायन आणि निरयन मोजमापांतल्या फरकाचे, सुमारे २४ अंश वजा केल्याशिवाय त्यांचे निरयन गणितच होत नाही. सांगावे लागते ते आपल्याला: शुभेच्छा लिहिणाऱ्यांना, सभेत बोलणाऱ्यांना, बातमी देणाऱ्यांना आणि फळा रंगवणाऱ्या आम्हा शिक्षकांना. आकाशवाणीवर सकाळी इंग्रजी तारखेबरोबर भारतीय सौर दिनांकही सांगतात. संक्रांत १४ ला असेल त्या सकाळी तो असतो सौर पौष २४. उत्तरायणाला लागलेला चोविसावा दिवस. रेडिओ आपल्याला दर संक्रांतीला खरे सांगतो आणि आपण तिळगूळ वाटत ते ऐकून सोडून देतो.

माझी मागणी मोठी नाही. शहरातल्या प्रत्येक शाळेच्या पटांगणात एक शंकू असावा. सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेला एक मीटरचा लोखंडी गज पुरे; खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कितीतरी कमी. चौथऱ्यावर वर्षभराच्या मध्यान्ह सावल्यांच्या खुणा मुलांनीच कोराव्यात. २२ डिसेंबरची रेघ आणि संक्रांतीची रेघ वेगळ्या दिसतील, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सोलापूरचे ऊन डोक्यावर मारत असताना, गजाची सावली त्याच्याच बुंध्यात गडप होईल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा, ढगांनी पाहू दिले तर. आपल्याकडे विज्ञान केंद्र आहे. त्याने शाळांना मोजायची रीत शिकवावी. आणि होम मैदानाच्या कडेला, जिथे गड्ड्यासाठी गावोगावची माणसे येतात, तिथे एक मोठा शंकू उभा करावा. पाळण्यांच्या रांगेकडे जाताना बाप मुलाला म्हणेल, थांब, आधी सावली बघू. नंदीध्वज पेलणाऱ्या हातांचा यात कोणताही अवमान नाही. उंच काठी आकाशाकडे उभी धरणे या शहराला नवे नाही.

“श्रद्धेत विज्ञान घुसडू नका,” असे मला एका पालकांनी सांगितले. मी त्यांना आदराने विचारले, संक्रांतीचा क्षण मिनिटापर्यंत कोण काढतो? ते म्हणाले, पंचांग. पंचांग म्हणजे गणितच की, काका. श्रद्धेने आपला सर्वांत मोठा दिवस ज्या गणितावर ठेवला, त्या गणिताची ओळख लेकरांना करून दिली तर श्रद्धा उणी होत नाही.

त्या मुलीला मी पेपरात लिहायचे उत्तर सांगितले नाही. येत्या २२ डिसेंबरला दुपारी सव्वाबारा वाजता पटांगणात ये, म्हटले, येताना चुन्याची पुडी आण. पहिली खूण तिने करायची आहे. दुसरी संक्रांतीला, १२ वाजून ३५ मिनिटांनी. तिचे आजोबा त्या दिवशी बाराबंदी घालून यात्रेत असतात, म्हणून तिने विचारले, “आजोबांना पण आणू का? होमाला अजून वेळ असतो तेव्हा.” मी म्हटले, आण. मीटरपट्टी त्यांच्याच हातात देऊ.